विरेचन जेवणाआधी की नंतर

निरवांगीचे पाहुणे मनिषाला बघायला निमगावात आले, तेव्हा ती चुलीपुढे बसून शोकांतिकेची व्याख्या पाठ करत होती. बुधवारी इंदापूरला तिचा साहित्यशास्त्राचा पेपर होता. पण पाहुण्यांनी पसंत केलं तर बुधवारीच सुपारी फोडायची आणि शिक्षण तिथंच थांबवायचं, असं तिच्या वडिलांनी, सर्जेरावांनी, सकाळीच जाहीर केलं होतं. बी.ए.च्या शेवटच्या पेपरात काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या पेपरात काय होतं हेही ठाऊक नव्हतं.

पाहुण्यांत निर्णय घेणारा माणूस एकच, मुलाचे थोरले चुलते महिपती तात्या. मुलगा रणजित शेजारीच होता, पण त्याला कुणी काही विचारत नव्हतं. तात्यांचं पोट कित्येक वर्षं धड साफ झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना जगातलं काहीच पसंत पडत नसे. पोह्यांची बशी त्यांनी एका बोटाने लांब सारली.

इतक्यात आतून आवाज आला, "विरेचन म्हणजे आत साचलेलं बाहेर पडणं. त्यानंतर माणसाला मोकळं वाटतं."

तात्या ताठ बसले. हा शब्द त्यांना बारामतीच्या एका वैद्याने शिकवला होता, एरंडेलाच्या बाटलीसकट.

"पोरगी वैदकीचं शिकतीया?"

"तर! शेवटचं वरीस हाय," सर्जेराव म्हणाले.

"मंग बलवा की भाईर!"

मनिषा येऊन पाटावर बसली. नाव, गाव, स्वयंपाक सगळं ओलांडून तात्यांनी थेट विचारलं, "विरेचनाला काय घ्यावं लागतं, बाळ?"

तोंडी परीक्षा चालली आहे, असं मनिषाला वाटलं. "नाटक," ती म्हणाली.

"दुधात का कोमट पाण्यात?"

"बघायचं असतं, तात्या. न्हायतर ऐकायचं."

"जेवणाआधी का नंतर?"

रणजितने हसू खोकल्यावर निभावून नेलं.

"कधीबी. पर गोष्ट दुःखाची लागती. माणूस मोठा पायजे, आन स्वभावात एक खोड पायजे. तिच्यापायी त्याचं वाटोळं हुतं. आपल्याला कीव येती, आपलंबी असंच हुईल म्हणून भ्या वाटतं. मंग रडू येतं, आन मोकळं हुतं."

"दे एक डोस," तात्या म्हणाले.

अभ्यासातली सगळी नाटकं राजांची होती. निरवांगीच्या माणसाला राजा लागू पडेल का, अशी मनिषाला शंका आली. म्हणून तिने जागेवरच गोष्ट जुळवली. एक बागायतदार होता, साऱ्या गावात मान. खोड एवढीच, की बांधावरून वाजल्यापासून धाकट्या भावाशी बोलायचा नाही. काही सांगायचं झालं तर बैलाला सांगायचा, "ढवळ्या, आज पाणी तिकडं सोडतुया रं," आणि भाऊ पलीकडून ऐकायचा. एक दिवस ढवळ्या मेला. दोघे भाऊ खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. बोलायचं पुष्कळ होतं. पण सांगायचं कुणाला?

तात्यांची मिशी थरथरू लागली.

"आमचा बैल," ते म्हणाले, "लई म्हातारा झालाय गं." आणि उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडले. मग चपला न घालताच जाऊन एम-एटीवर बसले. रणजितने किक मारली.

"मोडलं!" सर्जेराव ओरडले. "धडधाकट माणूस रडवून धाडला कार्टीनं!"

"आता बुधवारी रिकामंच हायसा," मनिषाची आई विजयमाला आतून म्हणाली. "पोरीला एष्टीवर सोडा."

दुसऱ्या दिवशी रणजित तात्यांच्या चपला न्यायला आला.

"तात्या काल आमच्या वडलांशी बोललं," त्याने सांगितलं.

"काय बोललं?" सर्जेरावांनी विचारलं.

"भांडलं. पर तोंडावर. बैल मधी न्हवता."

"आन पोट?"

"सकाळपास्नं दोनदा जाऊन आलं. त्यांचा निरोप हाय, एवढी वैदकी अर्धी सोडू नका. पेपर हुंद्या. सुपारीचं निकालानंतर, ते बी पोरगीला इचारून."

"पर मी वैद्य न्हाय," मनिषा म्हणाली.

"मला ठाव हाय," रणजित चपला उचलत म्हणाला. "त्यास्नी सांगू नगासा. गुण जाईल."

बुधवारी सर्जेराव मुलीची पिशवी धरून थांब्यावर उभे होते. लांबून एसटी दिसल्यावर त्यांनी विचारलं,

"मने, त्यो ढवळ्या खराच मेला व्हय गं?"

"न्हाय आबा. रचल्याली गोष्ट."

"मंग मारला कशाला? नुसता आजारी पाडायचा. मला तवापास्नं घास ग्वाड लागंना."

"शोकांतिकेत मरावंच लागतं, आबा."

एसटी थांबली. मनिषाला जागा मिळाली. सर्जेरावांनी खिडकीतून पिशवी आत दिली, डोळे पुसले आणि गाडी हलल्यावर मागून ओरडले, "फुडल्या वर्साला दुसरं कायतर शीक! हसायचं!"