आल्प्समधला उजवा कौल

मुलुंडच्या आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली की पहिलं बटण दाबायचा मान तात्या परबाचा. तो आधी चपला काढतो, बंद दारासमोर हात जोडतो आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालतो, "बा देवा म्हाराजा, ही लिफ्ट नीट वर जावंदे, नीट खाली येवंदे, आणि सेक्रेटरीची बुद्धी ठिकाणार रवांदे!" आम्ही जमलेले सगळे ओरडतो, "व्हय म्हाराजा!" कोकणातल्या देवळात चालणारा हा प्रकार तात्याने थेट आमच्या पार्किंगपर्यंत आणला. नवे भाडेकरू आधी हसतात, मग महिन्याभरात तेही ओरडायला लागतात.

तात्याचं दार माझ्या दारासमोर. त्याची सगळी नोकरी बँकेत कॅशियर म्हणून गेली. वहिनी वारल्यापासून तो एकटा राहतो आणि सुटीच्या दिवशी मला येऊरच्या डोंगरात फिरवतो. मागच्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसवली. डॉक्टरांनी नंतर चालायची, चढायची मोकळीक दिली, पण घरात मला कोणी पाण्याची बादलीसुद्धा उचलू देईना. मी म्हणजे जणू काचेचं भांडं. एकदा तरी मोठा डोंगर चढून मी संपलेलो नाही हे मला दाखवायचं होतं, सगळ्यात आधी स्वतःलाच. तात्या म्हणाला, "मग येऊर कशाला? स्वित्झर्लंडच करू ना! झकास!"

विमानतळावरच त्याने माझे सगळे फ्रँक काढून घेतले. "विन्या, कॅश एका हातात हवी. दोन हातांत गेली की टॅली होत नाही." ती कॅश त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिवड्याच्या डब्यात, चिवड्याच्या खाली ठेवली. "चोर काय चिवडा खातो?" शिवाय गळ्यात एक पिवळ्या फडक्याची पुरचुंडी होती. तिच्यातही फ्रँक होते, पण ते गावच्या रवळनाथासमोर ठेवून नवस बोललेले. "ते देवाचे. सुखरूप परत आलो की देवळात जाणार. तिकडे बघायचंही नाही." बरं, नाही बघत.

चढाईच्या सकाळी खालच्या गावातल्या लॉजच्या बाईंनी आम्हाला दोन सफरचंदं दिली. कोणी काही दिलं की आपला हात रिकामा ठेवायचा नाही, हा तात्याचा बाणा. त्याने तत्काळ पाठीवरच्या पिशवीतून डबा काढून बाईंच्या हातात ठेवला आणि छाती फुगवून म्हणाला, "होम मेड! मुलुंड!" बाई हरखल्या. तात्या तर दुपारपर्यंत स्वतःवरच खूश होता.

दुपारी आम्ही डोंगरातल्या मुक्कामाच्या घरी पोचलो. दारातच पाटी होती, फक्त रोख. तात्याने पिशवीत हात घातला, आणखी खोल घातला आणि मग मटकन बाकावर बसला.

"वाट लागली, विन्या. मी बाईला बँक देऊन आलो."

लॉजमध्ये कोणी फोन उचलेना. मुक्कामाच्या घराच्या मालकाने सभ्यपणे सांगितलं, पैसे नसतील तर शेवटच्या केबल कारने खाली जा. खाली गेलो की दुसऱ्या दिवशी चढायची ती उंच खिंड हुकली, कारण परवा आमचं विमान होतं. आणि खिंड तर समोर दिसत होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

"अरे तात्या, गळ्यात पैसे लटकवून कंगाल काय बसलायस?"

"देवाचे आहेत."

"देव समजून घेईल ना!"

"मग विचारू या त्यालाच," तात्या म्हणाला आणि त्याने गावी चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. भाऊ फोन घेऊन देवळात धावला. गुरवाने देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. फोनमधून गुरवाचं गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा रवळनाथा म्हाराजा! तुझा लेकरू तात्या, त्येचो शेजारी विनायक. त्येच्या काळजाचा दुखणा झाला हुता. तो डोंगर चढान, उतरान सुखरूप घराक येवंदे, म्हणान तात्यान ह्या पैशांचो नवस केलो हा. आज त्येच्याच जेवणाक आणि निजाक त्येतले पैसे लागतत. ते वापरूक द्यावचे आसतीत तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तात्या ओरडला. शेजारच्या टेबलावरचे चार जर्मन दचकले. मी मात्र तात्याकडे वळलो. मला वाटलं होतं नवस प्रवासाचा असेल. तात्याने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

पाकळी हलेना. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, आणि या वेळी जर्मनांनीही आम्हाला साथ दिली. पाकळी पडली ती उजवी! त्या लाकडी घरात टाळ्या वाजल्या. तात्याने कपाळाला लावून पुरचुंडी सोडली, नोटा थुंकी लावून मोजल्या आणि मालकाकडून पावती मागून घेतली. देवाला हिशोब द्यायचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिंडीत पोचलो. मी आपल्या पायांनी, आपल्या दमाने पोचलो. चारी बाजूंना बर्फाची शिखरं उन्हात उभी होती. इतका अभिमान मला माझ्या पहिल्या पगाराचाही वाटला नव्हता. हे बघ, ते बघ, म्हणत मी वळलो, तर तात्याचं शिखरांकडे लक्षच नव्हतं. तो माझी छाती वर-खाली होताना पाहत होता.

"तात्या, माझ्यासाठी नवस बोललास आणि मला सांगितलंही नाहीस?"

"त्यात काय सांगायचं?" तो खाली वाकला आणि उगाचच बुटाची नाडी बांधू लागला. "समोरचं तुझं दार उघडं दिसलं, तरच माका माझ्या घरात शिरूसा वाटता रे. तू हॉस्पिटलात होतास ना, तेव्हा तुझ्या दाराला कुलूप बघून मी रात्री जिन्यातच बसायचो."