सिबी सरांचा लॅपटॉप तापतो

"माणसाला ताप येतो, कारण त्याच्या आत काय चाललंय ते उघडून वाचता येत नाही," सिबी सर नेहमी सांगत. "मुक्त प्रणालीच्या लॅपटॉपचं तसं नाही. आतली ओळन् ओळ वाचता येते. म्हणून तो आजारी पडत नाही! पडलाच तर पाच मिनिटांत बरा होतो!"

हे त्यांनी शाळेत सांगितलं होतं, चर्चच्या युवक मंडळात सांगितलं होतं आणि एकदा तर शेजारच्या मयताच्या घरी, अच्चन, म्हणजे चर्चचे पाद्री, प्रार्थनेला यायचे होते तेवढ्या वेळात सांगितलं होतं. केरळातल्या कट्टप्पनाच्या वरच्या अंगाला, वेलदोड्याच्या मळ्यांत वसलेल्या त्या गावात सिबी सर पदार्थविज्ञान शिकवत, आणि तिथल्या मुक्त सॉफ्टवेअर मंडळाचे ते अध्यक्ष होते. मंडळाला सभासद बरेच. सभेला येणारे दोनच. एक स्वतः सर आणि दुसरा बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अन्सार.

लॅपटॉप त्यांच्या मेव्हण्याने, सोजनने, ओणमच्या सुट्टीत दुबईहून आणला होता. त्यात पैसे मोजून घेतलेली प्रणाली होती. सरांनी सोजनचा चहा निवायच्या आत ती पुसली आणि लिनक्स ही मुक्त प्रणाली घातली! आपण हौसेने शर्ट आणावा आणि पाहुण्याने समोरच त्याच्या बाह्या कापाव्यात, तसं सोजनचं तोंड झालं. बहिणीच्या नवऱ्याला तो अळिया म्हणे.

"अळिया, ती विकतची होती रे!"

"म्हणूनच काढली."

"आणि ही फुकटची..."

"फुकट नव्हे, मुक्त!"

सोजनची आई तिथेच नारळ खवत बसली होती. नवरा गेल्यापासून ती लेकीकडे, म्हणजे सरांच्या बायकोकडे, मेर्लीकडे राहत असे. घरात सगळे तिला अम्मच्ची म्हणत.

"मोने, म्हणजे हे नेमकं काय?" तिने जावयाला, लेकाला हाक मारावी तसं, विचारलं.

असा प्रश्न सरांना वर्षातून एखादाच येई. ते खुर्ची ओढून बसले. "अम्मच्ची, याच्यावर कोणाची मालकी नाही. कोणीही वापरावं, कशासाठीही वापरावं, कोणाची परवानगी मागायला नको. हा पहिला नियम!"

"कशासाठीही?"

"कशासाठीही!"

"चांगलं आहे," अम्मच्ची म्हणाली आणि नारळ घेऊन आत गेली. आपलं म्हणणं पहिल्याच झटक्यात पटलेली बाई पाहून सरांना भरून आलं.

त्याच पावसाळ्यात सरांनी घर धुरापासूनही मुक्त केलं. स्वयंपाकघरातली लाकडाची चूल फोडली, तिथे काचेच्या झाकणाची गॅसची शेगडी बसवली. अम्मच्चीने चुलीच्या जागेकडे दोन दिवस नुसतं पाहिलं. मग ती आपल्या कामाला लागली.

नोव्हेंबर सरता सरता डोंगरात थंडी उतरली आणि लॅपटॉपने अंथरूण धरलं.

तो स्वयंपाकघराबाहेरच्या फळीवर, इंटरनेटच्या डबीशेजारी झाकण मिटून पडलेला असे. मंडळासाठी लागणारं सॉफ्टवेअर तो रात्रभर उतरवून घेई. आता सर सकाळी उठून बघत, तर तो बंद! हात लावावा तर तव्यासारखा! दिवसभर मात्र शहाण्या मुलासारखा चालायचा.

एका सकाळी सोजनशी व्हिडिओवर बोलताना सर नाताळच्या तयारीचं सांगत होते. "या वर्षी अम्मच्चीचे अप्पम असे फुललेत म्हणून सांगू..." आणि पडदा काळा झाला.

सोजनने लगेच फोन केला. "काय झालं?"

"वीज गेली."

"तुझ्या मागचा दिवा चालू होता की!"

"...थोडा तापला होता."

फोनमधून असं हसू आलं, की सरांनी तो कानापासून लांब धरला. "अळिया, फुकटचा जावई आणि फुकटची प्रणाली, दोन्ही लवकर तापतात! हे बघ, मी नाताळला येतोय. सकाळी स्वतः हात लावून बघणार. गरम लागला, तर माझी प्रणाली परत घालायची. सगळ्यांदेखत!"

"कबूल! आणि थंड लागला तर?"

"तर माझ्या दुबईच्या ऑफिसात तुझी फुकटची..."

"मुक्तची!"

"...घालतो."

मुक्त सॉफ्टवेअर मंडळाचा अध्यक्ष, सगळ्यांदेखत, विकतची प्रणाली! अन्सारला हे कळलं असतं तर मंडळच बुडालं असतं, कारण उरलेलं मंडळ तोच होता.

सर कामाला लागले. रात्री अपडेट होताना प्रोसेसरवर ताण पडतो, हा पहिला सिद्धांत. अपडेट बंद केलं. सकाळी लॅपटॉप गरम! पंखा आळशी आहे, हा दुसरा. पंखा सतत जोरात फिरेल अशी आज्ञा दिली. तो असा घोंघावला, की अम्मच्ची आतून ओरडली, "मेर्ली, मिक्सर बंद कर ग, रिकामा फिरतोय!" सकाळी लॅपटॉप गरमच! मग सरांनी इंटरनेटवरच्या मंडळींना साकडं घातलं. एकाने प्रोसेसरचा वेग बांधून टाकायला सांगितलं, दुसऱ्याने मोकळा सोडायला. तिसऱ्याने विचारलं, की तुम्ही अजून हीच लिनक्स वापरता? त्यावर तिघांचं आपसात जुंपलं आणि सरांचा लॅपटॉप बाजूलाच राहिला.

"इच्चाया, एका वेळी एकच गोष्ट बदला," मेर्ली नवऱ्याला म्हणाली. ती त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. "नाहीतर कशाने गुण आला ते कळणार कसं?"

"वेळ कुठाय? सोजन निघालासुद्धा असेल!"

शनिवारी मेर्ली परीक्षेच्या देखरेखीला गेल्यावर सरांनी अन्सारला बोलावलं. दोघांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर पालथा घातला आणि त्याचं पोट उघडलं.

"सर!" अन्सारचा आवाज बदलला. "हे पाहा."

हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीत पांढरा थर वाळून बसला होता.

"थर्मल पेस्ट!" सर कुजबुजले. चिपची उष्णता वाहून न्यायला लावतात ती मलई. "वितळून बाहेर आलीय. केवढा ताप असेल, अन्सार!"

अन्सारने नखाने कण काढून हुंगला. "आंबूस वास येतोय."

"रसायन कुजलंय."

"थर्मल पेस्ट कुजते, सर?"

"अतिउष्णतेत काहीही होतं," सर म्हणाले. विज्ञानात याहून सोयीचं वाक्य नाही.

अन्सारने बाजारातून नवी पेस्ट आणली. दोघांनी ती चोपडली, जाळी घासली, पंख्यातले मांजराचे केस काढले. पेस्ट, पंखा, अपडेट, प्रोसेसरचा वेग, जे जे सुचलं होतं ते ते सगळं सरांनी एका दमात बदलून टाकलं. शेवटी खबरदारी म्हणून लॅपटॉप फळीवरून हलवला आणि डोंगराचा वारा येतो त्या खिडकीच्या गजांना काथ्याच्या दोरीने उभा बांधला. पुस्तकासारखा!

दुसऱ्या सकाळी लॅपटॉप चालू होता. आणि थंड! तिसऱ्या सकाळीही थंड! सरांनी घरभर नाचत सांगितलं, "बघितलंस? पंख्याची आज्ञा मी स्वतः लिहिली होती!"

"किंवा पेस्ट असेल," मेर्ली म्हणाली. "किंवा वारा."

"सगळंच!"

"मग काहीच कळलं नाही," मेर्ली म्हणाली. पण जिंकलेल्या माणसाला कोण ऐकू येतं?

त्या दिवसांत घरात आंबवलेल्या पिठाच्या अप्पमऐवजी वाफवलेला पुट्टू होऊ लागला, हे सरांच्या ध्यानातही आलं नाही. अम्मच्ची म्हणाली होती, "या थंडीत पीठ जरा रुसलंय. नाताळला ताडी घालीन, मग फुगून येईल."

नाताळ आला. पंचवीस दिवसांचा उपास सुटायचा होता. घरात मटण-मासळीचा वास नव्हता की अंड्याचा. रात्रीची मिस्सा आटोपली, सगळे थोडे लवंडले, आणि सकाळी बदकाचं कालवण असं दरवळलं की शेजारचा कुत्रासुद्धा येऊन उंबऱ्यावर शुभेच्छा देत बसला. सोजन स्वेटरवर स्वेटर घालून खिडकीशी गेला. लॅपटॉपवर आधी एक हात ठेवला, मग दुसरा, मग गाल लावला.

"थंड आहे," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

"काय म्हणालास? अम्मच्चीला ऐकू नाही आलं!"

"थंड आहे, बाबा! बर्फ आहे! घालतो तुझी फुकटची!"

"मुक्तची!" सरांची छाती अशी फुगली की नव्या शर्टाचं बटण उडून थेट कालवणाच्या झाकणावर वाजलं. हीच ती घटका! चार महिन्यांचं पुण्य फळाला आलं होतं.

तेवढ्यात आत काहीतरी आपटलं.

सगळे धावले. अम्मच्ची मोठ्या पातेल्यापुढे बसली होती. झाकण जमिनीवर. पातेल्यात पीठ होतं तिथेच होतं. एक बुडबुडा नाही. ताडी घालूनही ते निपचित पडलं होतं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून," अम्मच्ची म्हणाली, "नाताळला माझं पीठ बसलं नाही. तुमचे अप्पच्चन गेले त्या वर्षीसुद्धा नाही."

तिने ओठ घट्ट मिटले होते. सोजनने घाईघाईने म्हटलं, "अम्मच्ची, आपण ब्रेडबरोबर खाऊ." आणि स्वतःच पातेल्यात पुन्हा एकदा डोकावून पाहिलं. तो ओणमपासून वाळवंटात ब्रेड खाऊन या अप्पमसाठी आला होता.

"पण परवापरवापर्यंत तर छान फुगत होतं," मेर्ली म्हणाली. "तेव्हा पातेलं कुठे ठेवायचीस?"

"कुठे म्हणजे? चूल तर तुम्ही फोडलीत. त्या गरम पाटीवर ठेवायचे."

"कुठल्या पाटीवर?"

"ती काळी. फळीवरची." अम्मच्चीने खिडकीकडे हात केला. "रात्री वर पातेलं ठेवायचं, वरून अप्पच्चनचं घोंगडं. पहाटे उचलायचं. कधी उतू जायचं थोडं, पण मी पुसून घ्यायची हो! आता मोनने ती उभी टांगली. उभ्या पाटीवर पातेलं राहील कसं?"

जाळीतला तो आंबूस पांढरा थर आठवून सरांनी कपाळावर हात मारला.

"अम्मच्ची," सर म्हणाले, "विचारायचं तरी..."

"तूच म्हणालास ना? कोणीही वापरावं, कशासाठीही वापरावं, कोणाची परवानगी नको!"

मेर्ली जी हसायला लागली ती भिंतीला धरून खाली बसली. "थर्मल पेस्ट!" ती मधूनमधून एवढंच म्हणे. "आंबलेली थर्मल पेस्ट!" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! सरांनी आख्खी प्रणाली पिंजून काढली होती, पण रात्री लॅपटॉपच्या डोक्यावर काय बसतं ते पाहिलं नव्हतं.

"मग आता लाव ना गरम," अम्मच्ची म्हणाली. "दुपारपर्यंत येईल पीठ."

सर हलले नाहीत. पैज त्यांना आठवली. सोजनलाही आठवली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू नाताळ उगवला.

"नाताळची सकाळ अजून संपली नाही, अळिया," तो मधाळ आवाजात म्हणाला.

सरांनी सोजनकडे पाहिलं. पातेल्याकडे पाहिलं. मग अम्मच्चीच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं आणि काथ्याची दोरी सोडायला घेतली.

पण लॅपटॉप तापेना! सरांनी इतका चोख बंदोबस्त केला होता, की त्याला जगातल्या मूळ संख्या शोधायला बसवलं तरी तो गारच. वर पातेलं, त्यावर घोंगडं, आणि आत पंखा गरगर! सगळा परिवार भुकेल्या पोटी भोवती उभा.

"एकेक बदल मागे घ्या, इच्चाया," मेर्ली डोळे पुसत म्हणाली. "आणि या वेळी एका वेळी एकच!"

"माझी प्रणाली असती ना," सोजन म्हणाला, "नुसती सुरू केली असती तरी तापली असती."

"गप्प बैस!"

शेवटी पंखा मंदावला, प्रोसेसर मोकळा झाला आणि लॅपटॉपला सडकून ताप भरला. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा तापमानाचा आकडा चढताना पाहून सुटकेचा निःश्वास टाकला. ऊन डोक्यावर यायच्या आतच घोंगड्याखालून झाकण हळूच वर उचललं गेलं. पीठ आलं होतं! कढईत अप्पम सुटू लागले. कडा जाळीदार, मधे गुबगुबीत. सोजनने सहा खाल्ले, बोटं चाटली आणि उठून लॅपटॉपवर तळहात ठेवला.

"गरम!" तो गर्जला. "सगळ्यांदेखत! आण तो माझ्या प्रणालीचा पेनड्राइव्ह!"

सरांनी मान खाली घातली. शब्द तो शब्द. त्यांनी बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

फाडकन झारा त्यांच्या बोटांवर बसला.

"खबरदार!" अम्मच्ची म्हणाली. "संध्याकाळी अच्चन यायचेत. दुसरं पातेलं चढवायचंय. कोणी त्याला बंद केलं तर बघा! मोने, तूसुद्धा नाही, आणि सोजन, तूही नाही!"

दुसऱ्यानंतर तिसरं चढलं. नवीन वर्ष येईपर्यंत त्या लॅपटॉपवरून पातेलं उतरलं नाही, आणि मग सोजनची सुट्टीच संपली. तो विमानतळावर अप्पमचा डबा घेऊन गेला आणि विकतची प्रणाली तशीच परत घेऊन गेला.

सिबी सरांनी प्रामाणिकपणे इंटरनेटवरच्या मंडळींना कळवलं, की दोष प्रणालीचा नव्हता, लॅपटॉपवर अप्पमचं पीठ आंबत होतं. इतके दिवस आपसात भांडणारे सगळे त्या दिवशी पहिल्यांदा एकमताने बोलले. अशी गोष्ट स्वतःपुरती ठेवणं मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वात बसत नाही, त्यांनी लिहिलं. पाककृती ताबडतोब खुली करा!

सर वही-पेन घेऊन स्वयंपाकघरात गेले. ज्ञान वाटल्याने कसं वाढतं ते त्यांनी अम्मच्चीला चांगलं समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते लॅपटॉपचं झालं, मोने," ती म्हणाली आणि पिठाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "हे माझ्या आईचं आहे."