काटा अजून हलतोय

दामले साहेबांनी मला फसवलं. सहा वर्षं फसवलं, आणि तेही शेवग्याची आमटी वाढून.

मी भोसरीला भट्टीसाठी लागणाऱ्या हलक्या विटा करतो. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं भांडून मिळवलेलं. माझी वीट पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात जायची. तिथल्या प्रयोगशाळेत दामले बसायचे. विटेतून उष्णता किती पळते ते मोजायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांची सही झाल्याशिवाय माझा टेम्पो फाटकाच्या आत येत नसे.

विटेच्या दोन सारख्या चकत्या कापायच्या, मधे तापती पाटी, बाहेरून दोन गार पाट्या. मग मीटरचा काटा थांबेपर्यंत वाट बघायची. काटा थांबला की आकडा खरा. दर अर्ध्या तासाने दामले वहीत आकडा लिहायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "अजून स्थिर नाही. बसा."

पहिल्याच खेपेला माझा आकडा हवा त्यापेक्षा जास्त आला.

"साहेब, तुमचे बावीस, माझे अठरा. विसावर मिटवू."

"काळेशेठ, हा आकडा आहे, वांगी नव्हेत."

"वांग्यातसुद्धा कोणी इतकं ताणत नाही."

"वीट ओली आहे. वाळवून आणा."

मी टेबलावर हात आपटला. दामल्यांनी हललेल्या काट्याकडे पाहिलं आणि सगळं मोजमाप पहिल्यापासून सुरू केलं. "तुम्ही तांबं आहात, शेठ. एका टोकाला चटका बसला की दुसरं लगेच तापतं."

माणसांना ते असंच ओळखायचे. त्यांचा मॅनेजर म्हणजे बूच, फाटकावरचा पहारेकरी लोखंड. "आणि तुम्ही?" मी विचारलं. ते म्हणाले, "एका चकतीवर मोजता येत नाही. जोडी लागते." बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, हे मला त्या पहारेकऱ्याकडून कळलं.

डबा मात्र दोघांचा असायचा. "एकट्यापुरती आमटी केली की मीठ चुकतं," म्हणायचे. मी जेवायचो, कारण सही अडकलेली असायची. पाच वाजता काटा एकदाचा थांबायचा. तोवर टेम्पो बाहेर उन्हात, आणि ड्रायव्हर माझ्या नावाने बोटं मोडतोय.

मग दामले निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने एक वाजता कागद हातात ठेवला.

"झालं?"

"झालं की. साडेबाराला काटा थांबला."

"पूर्वी पाच वाजायचे."

त्याने दामल्यांची जुनी वही काढून माझ्यापुढे धरली. साडेबाराला एक आकडा. एक वाजता तोच. दीड, दोन, अडीच, तोच. पाचपर्यंत तोच. प्रत्येक खेपेला असंच. वहीत दामल्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. खोटं फक्त तोंडाने, तेही फक्त माझ्याशी.

मी तडक चिंचवडला त्यांच्या घरी गेलो. ते स्टोव्हसमोर उभे होते.

"दामले, सहा वर्षं माझ्या दुपारी खाल्ल्यात. काटा साडेबारालाच थांबायचा ना? उत्तर द्या."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पातेल्यात पाहिलं. "शेंगा अजून शिजायच्या आहेत. बसा."

दोन वर्षं झाली. दर गुरुवारी, कारखान्याला सुट्टी असते तेव्हा, मी जाब विचारायला जातो. मीठ बरोबर असतं. उत्तर अजून मिळालेलं नाही. पण मी सोडणार नाही. दामल्यांनी याचं उत्तर दिलंच पाहिजे, आणि घाईत दिलेलं उत्तर मी घेणार नाही.