आप्पांचा पंप आणि वत्सलाबाईंच्या कुरडया

"अख्ख्या महाराष्ट्राला वीज पुरवून आलोय मी! अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप माझं ऐकणार नाही?"

सावळीराम आप्पा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि निवृत्त माणसाला हुकूम सोडायला कुणीतरी लागतं. बायको मैनाबाई ऐकत नव्हतीच. म्हणून पंप!

कारण मात्र रास्त होतं. ऐन मे महिन्यात सटाण्याला मैनाबाईंच्या भाचीचं लग्न होतं. आणि उन्हाळ्यात मैनाबाई इंदिरानगरचं अंगण सोडून हलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मोगरा, निशिगंध, वांगी, दोडक्याचा मांडव... "मी पाठ फिरवली की यांच्या माना पडतात," म्हणत त्यांनी माहेरची लग्नं, बारशी, सगळी बुडवली होती.

"यंदा हळदीपासून जायचं! जोडीनं!" आप्पांनी जाहीर केलं आणि कंट्रोलर आणला. भिंतीवर डबा, डब्यातून वायर, वायरच्या टोकाला मातीत खुपसायची सळई. माती सुकली की पंप चालू, फवारे थुई थुई! माती भिजली की बंद! आप्पांनी कुंपणाच्या भिंतीपाशी सगळ्या गल्लीला प्रात्यक्षिक दाखवलं. "माणसाचं काम संपलं!"

पण मशीन लहरी निघालं. भर दुपारी मातीला भेगा पडल्या तरी हूं की चूं नाही. आणि तिन्हीसांजेला आपलं आपण सुरू! आप्पांनी माहितीपुस्तक उलटंसुलटं वाचलं आणि निष्कर्ष काढला, "मशीन शिकतंय! दुपारी पाणी दिलं तर मुळं शिजतात, हे कळलंय त्याला!" हे त्यांनी केस कापणाऱ्यालाही सांगितलं. वस्तरा आप्पांच्या गळ्याशी असल्यामुळे की काय, पण मान डोलावली ती त्यानेच.

खरी गोष्ट आप्पांना सोडून दोन बायकांना ठाऊक होती. अर्धी अर्धी!

शेजारच्या वत्सलाबाई भिंतीपलीकडे बाजेवर कुरडया वाळत घालत. पहिल्याच दिवशी फवारा त्यांच्यावर आला. भांडण कोण काढतंय? प्रात्यक्षिक त्यांनी नीट पाहिलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवरून हात लांबवून सळईपाशी एक तांब्या पाणी! पंप दिवसभर गाढ झोपेत.

आणि मैनाबाई? संध्याकाळी मोगरा मलूल दिसला की त्या गुपचूप सळई उपटायच्या, पदराने पुसायच्या आणि हवेत धरायच्या. पंप चालू! पाणी झालं की सळई परत जागेवर. नवऱ्याच्या मशीनची अब्रू झाकायला नको?

निघायचा दिवस उजाडला. रिक्षा दारात. जाता जाता एकदा शेवटचं पाणी द्यावं म्हणून मैनाबाईंनी सळई उपटली, ओसरीवर ठेवली आणि पिशवी भरण्याच्या नादात विसरल्या! फवारे सुटले. पलीकडे लेकीसाठी घातलेल्या कुरडया नुकत्या कुठे धरत होत्या. वत्सलाबाई धावल्या, भिंतीवरून तांब्या ओतला. पंप थांबेना. दुसरा ओतला. बादली ओतली!

"अहो आप्पा, बादलीनं पण ऐकेना की हे!"

"बादली? बादली कशाला?"

"रोज एका तांब्यात भागायचं!"

"अगंबाई! सळई ओसरीवरच राहिली!" मैनाबाई ओरडल्या.

आप्पांनी झडप घालून सळई चिखलात रोवली. पंप थांबला. तोवर कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता.

"म्हणजे... ते शिकत नव्हतं?"

"शिकलो आम्ही!" वत्सलाबाई कडाडल्या.

मैनाबाईंनी रिक्षातली पिशवी काढली. "राहू द्या. मी नाही जात. पुढच्या लग्नाला बघू."

आप्पांनी पिशवीकडे पाहिलं, मोगऱ्याकडे पाहिलं, आणि पिशवी उचलून रिक्षात परत ठेवली. "तू जा. हळद चुकवायची नाही. मी आहे ना... म्हणजे, मशीन आहे ना! त्याला जरा देखरेख लागते, एवढंच."

मैनाबाई गेल्या. हळदीत नाचल्या म्हणे! परतल्या तेव्हा मोगरा कळ्यांनी लगडलेला, दोडकी हात हात लांब.

"अहो, चाललं की तुमचं मशीन!"

"मग! सांगत काय होतो!" आप्पा म्हणाले, आणि चिखलाने बरबटलेले पाय त्यांनी हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.