डावा पेला, उजवा पेला

स्कॉटलंडहून आलेल्या परीक्षकाची गाडी अंगणात शिरली आणि त्याच क्षणी नोएलीन प्रॉप्स्टिंगच्या कोपराचा धक्का लागून स्कॉचची बाटली सिंकमध्ये फुटली.

बाहेर तिचा नवरा लिंडसे पाहुण्याचं स्वागत करत होता. बॉथवेलजवळच्या कुरणावरच्या सगळ्या मेंढ्या विकून त्याने लोकर कातरायच्या शेडमध्ये व्हिस्कीची भट्टी घातली होती. टास्मानियाची सिंगल माल्ट म्हटल्यावर लोक आधी हसत, मग चव घेत. काही नुसतेच हसत. आज या परीक्षकाने, मॅकफेलने, चांगलं लिहिलं, तर मेलबर्नची हॉटेलं माल उचलणार होती. नाही लिहिलं, तर परत फिरायला मेंढ्याही उरल्या नव्हत्या.

पैज लिंडसेनेच लावली होती. एका पेल्यात स्कॉच, एका पेल्यात आपली; कोणती कुठली ते मॅकफेलने चवीवरून ओळखायचं. ओतायचं नोएलीनने, आत, कुणाला न सांगता.

"नोएलीन, आण गं लवकर!"

दुकान दूर गावात आणि पाहुणा दारात. तिने दोन्ही पेले घरच्याच बाटलीतून भरले. बाहेर गेल्या गेल्या खरं सांगून टाकायचं, असं तिने मनाशी ठरवलं. पण ट्रे टेबलावर टेकतो न टेकतो, तोच मॅकफेलने डावा पेला उचलला.

"वा! याला म्हणतात व्हिस्की. ही आमची." मग त्याने उजव्याचा घोट घेतला. "आणि ही तुमची. राग मानू नका, पण कच्ची आहे. लोकरीचा वास येतोय अजून."

लिंडसेने दोन्हींतला एकेक घोट घेतला आणि तो लालबुंद झाला. "काहीतरीच काय बोलताय राव! डावी माझी आहे. स्वतःचं पोर ओळखू येत नाही होय मला? उजवी तुमची. ओले मोजे पिळल्यासारखी लागतेय."

"मोजे? अहो, उभा जन्म गेला माझा यात!"

"मग फुकट गेला म्हणायचा!"

"अरे, माझं जरा ऐका—" नोएलीन म्हणाली.

"तू थांब गं!" लिंडसे खेकसला. मग त्यालाच सुचलं. "नाही, तूच सांग. डाव्या पेल्यात कुणाची आहे?"

"तुझी," नोएलीन म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. उजव्या पेल्याचं कुणी विचारलंच नाही.

मॅकफेलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माणूस भला होता. "हरलो," तो म्हणाला. "घडलं तसंच छापतो. मेलबर्नलाही कळवतो."

लिंडसे त्याच्या पाठीवर थाप मारून हसला.

मॅकफेलने उजवा पेला हातात घेऊन उजेडात धरला. या वेळी घोट सावकाश घेतला, तोंडात घोळवला. त्याचे डोळे पाणावले.

"मघाशी घाई केली मी," तो हळूच म्हणाला. "आता लागतेय. आमच्या मातीची चव ती, लपायची कशी? वहिनी, हिच्यातलीच अजून थोडी मिळेल का?"

"बघते हं," म्हणत नोएलीन पेला घेऊन आत गेली.