कमी उजेडातली मंदाकिनी

भालचंद्र खानझोडे यांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं ते दोडक्याच्या शिरा काढता काढता. (दोडका त्यांच्या हातात होता, कारण मंदाकिनी रियाजाला बसली होती आणि स्वयंपाकघर तेवढ्यापुरतं त्यांच्या ताब्यात आलं होतं.) आतल्या खोलीतून दिवाळी पहाटेसाठी घोटल्या जाणाऱ्या ललत रागाचे सूर येत होते, खिडकीबाहेर वसाहतीतली गुलमोहराची झाडं अंधारात बुडत चालली होती, आणि भालचंद्रांना एकदम जाणवलं की आपल्या बायकोचा गातानाचा एकही फोटो आपल्याकडे नाही.

मंदाकिनी लग्नाआधी नागपुरात गात असे. मग भोपाळला आली. कारखान्याचं क्वार्टर, मुलांच्या शाळा, सासूबाईंची दुखणी या सगळ्यात तिचं गाणं आक्रसत आक्रसत ओट्यापाशी येऊन थांबलं. आता मुलं बंगलोरला गेली होती, आणि वसाहतीतल्या मराठी मंडळाने यंदाच्या दिवाळी पहाटेला तिला गायला बोलावलं होतं. मंडळाच्या चिटणीस निर्मलाताई हौशी. त्यांनी ठरवलं की हॅलोजन वगैरे काही नको, क्लबच्या हिरवळीवर फक्त समया आणि पणत्या. फ्लॅश तर मुळीच नको, गाणाऱ्याची तंद्री मोडते. म्हणजे फोटो काढायचा तो पणतीच्या उजेडात.

भालचंद्र कारखान्यात तपासणी विभागात होते. टर्बाइनच्या पात्यावरची केसाएवढी चीर ते बरोबर हेरत. त्यामुळे कॅमेऱ्याची निवडही त्यांनी त्याच गांभीर्याने केली. आठवडाभर ते कॉम्प्युटरसमोर बसून वाचत होते. खिशातला छोटा कॅमेरा अंधारात नुसते रवाळ ठिपके देतो; नव्याकोऱ्या मोठ्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारी लेन्स उजेड चमच्याचमच्याने आत घेते; आपल्याला हवी ती डोळे टक्क उघडे ठेवणारी लेन्स. ती परवडायची तर कॅमेरा जुना घ्यावा आणि पैसे लेन्समध्ये घालावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कॅमेऱ्याच्या नुसत्या सांगाड्याला त्या धंद्यात ‘बॉडी’ म्हणतात, हे त्यांना आता इतकं सवयीचं झालं होतं की त्यांनी गॅलरीत उभं राहून आपल्या विभागातल्या सुभाषला फोनवर खुशाल सांगितलं, “बॉडी मिळाली. टी. टी. नगरला होती. जुनी आहे, पण फारशी खराब झालेली नाही. संध्याकाळी घरी आणतोय.”

शेजारच्या गॅलरीत लीलावतीबाई कपडे वाळत घालत होत्या. संध्याकाळी भालचंद्र स्कूटरवरून खोकं घेऊन उतरले, तेव्हा दारात सात-आठ चपला होत्या आणि आत मंदाकिनीला मधे बसवून चार बायका तिची समजूत घालत होत्या. लीलावतीबाईंनी पिठलं-भात करून आणला होता.

“कोण गेलं?” भालचंद्रांनी घाबरून विचारलं.

“तेच मी मघापासून विचारतेय,” मंदाकिनी म्हणाली.

खुलासा झाल्यावर पिठलं-भात सगळ्यांनीच खाल्ला.

नंतरचे दिवस मोठे रम्य गेले. पणतीच्या उजेडाची सवय व्हावी म्हणून भालचंद्र संध्याकाळी घरातले सगळे दिवे मालवत. देवघरातल्या समईशेजारी मंदाकिनी डोळे मिटून गात बसे, आणि ते लांबून कॅमेऱ्याच्या खिडकीतून तिच्याकडे पाहत राहत. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असं एकटक पाहिलं नव्हतं. तिच्या कानामागे एक बट रुपेरी झाली होती. ती वरच्या षड्जाला पोचली की तिच्या भुवया लहान मुलीसारख्या उंचावत. हे सगळं पाहताना त्यांना वाटे, ही खोली पाण्याखाली आहे आणि आपण दोघं सावकाश तरंगतो आहोत. मग त्यांचा पाय स्टुलावर आपटे आणि ते जमिनीवर येत.

दिवाळीची पहाट उजाडायच्या बेतात असताना हिरवळ भरली. दव पडलं होतं. पणत्यांच्या रांगा थरथरत होत्या आणि धुक्यात त्यांच्याभोवती पिवळी वर्तुळं उमटली होती. मंदाकिनी मोरपंखी लुगड्यात, समोर माईक, शेजारी तबल्यावर भालचंद्रांच्या विभागातला तोच सुभाष. भालचंद्र पहिल्या रांगेत गुडघ्यावर बसले.

तानपुरा लागला, सगळं शांत झालं, मंदाकिनीने पहिला स्वर लावला आणि भालचंद्रांनी बटण दाबलं. जुन्या बॉडीचा ‘खटाक्’ असा आवाज त्या शांततेत लोखंडी कपाटाचं दार आपटावं तसा घुमला. मंडळी वळून पाहू लागली. निर्मलाताईंनी ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या खटक्याला सुभाषचा हात नसत्या जागी पडला.

भालचंद्रांनी कॅमेरा खाली घेतला. फोटो तर काढायलाच हवेत. मग त्यांना सुचलं की दाद देताना आवाज झाला तर कुणाला कळणार नाही. त्यांनी मोठ्याने “वा!” म्हटलं आणि त्याच क्षणी बटण दाबलं. युक्ती साधली. (ही पहिली दाद मंदाकिनी घसा साफ करत असताना गेली, पण रसिकांचं काय सांगावं.) त्यानंतर ते थोड्या थोड्या वेळाने “वा”, “क्या बात है”, “आहाहा” असं म्हणत फोटो काढत राहिले. मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या, की बघा, बायकोचं कौतुक असावं तर असं.

मंदाकिनीने डोळे उघडले. ज्या माणसाने आजवर तिच्या गाण्याबद्दल “बरं झालं” याच्यापुढे शब्द उच्चारला नव्हता, तो सगळ्यांदेखत गुडघ्यावर बसून दाद देत होता. तिचा आवाज मोकळा झाला. आधी जपून टाकलेले स्वर आता ती उधळून देऊ लागली. आकाश फिकट होत होतं, झाडांवर पोपट जागे होत होते, आणि ती एका तानेवरून अशी अलगद उतरली की भालचंद्रांच्या तोंडून आपसूक “वा” निघून गेलं. बटण दाबायचं राहिलं. त्यानंतर कॅमेरा त्यांच्या मांडीवर पडला आणि तिथेच राहिला. ऊन आलं तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि लेन्सवर दव साचलं होतं.

घरी आल्यावर फराळाआधी दोघं कॉम्प्युटरसमोर बसली. पहिला फोटो उघडला. त्यात माईक होता. इतका स्पष्ट, की जाळीचं एकेक भोक मोजून घ्यावं. डोळे टक्क उघडणाऱ्या त्या लेन्सला समोरची वीतभर जागाच नीट दिसते, आणि तिने माईकवरच डोळा ठेवला होता. त्याच्या मागे एक पिवळसर, मोरपंखी धुकं पसरलं होतं. दुसऱ्या फोटोत माईक. पुढच्यातही माईकच. केसाएवढी चीर हेरणाऱ्या माणसाच्या नजरेतून अख्खी बायको निसटली होती.

मंदाकिनीने त्यांच्या पुढ्यात चकलीची बशी सरकवली.

“माझं गाणं तुम्ही ऐकलंत ना?” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“मग पुरे झालं.”

ते फोटो कुणाला हवेसे वाटले असतील तर ते हिरवळीवर माईक लावून देणाऱ्या साऊंडवाल्या साहूजींना. त्यांचं अयोध्या नगरात नवं दुकान उघडायचं होतं आणि माईकचा इतका देखणा फोटो त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी तो दुकानाच्या पाटीसाठी मागून नेला. भालचंद्रांना पुन्हा उभारी आली. साहूजींच्या पाटीवर का होईना, माईकमागच्या धुक्यात मंदाकिनी असणार होती, आणि ते धुकं कुणाचं आहे हे फक्त त्या दोघांना ठाऊक असणार होतं. ही कल्पना त्यांना इतकी काव्यमय वाटली की उद्घाटनाला जाताना त्यांनी अत्तर लावलं.

पाटी दुकानभर लांब होती. माईक माणसाएवढा. मागे मात्र झगझगीत निळा रंग.

“सर, पीछे कुछ पीला-पीला धब्बा आ गया था,” साहूजी नम्रपणे म्हणाले. “आप टेंशन मत लीजिए, हमने साफ करवा दिया.”

मंदाकिनीला हसू आवरेना. ती आत जाऊन एका स्पीकरच्या खोक्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. साहूजी आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा आठवण म्हणून फोटो घेत होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिचाही एक घेतला.

दुकानातले दिवे अजून जोडायचे होते, आत जवळजवळ अंधारच होता. फोटो सुरेख आला. पाचही बोटं, पदराचा काठ आणि रुपेरी बटसुद्धा स्पष्ट दिसत होती. भालचंद्रही त्यात होते, तिच्या मागे, जरा धुरकट.