व्याह्यांचे दात

कुरिअरने पाठवलेली कवळी वाटेत तडकते, या एका भीतीपोटी कवळीवाल्यांनी व्याह्यांचे दात स्वतःच परदेशी न्यायचं ठरवलं.

लेक तिकडेच नांदत होती. तिच्या सासऱ्यांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली आणि ते बिचारे पातळ खाण्यावर आले. ती कवळी कवळीवाल्यांनीच केलेली, साचा अजून कारखान्यात फळीवर होता. त्यांनी नवी केली. मग ती जरा घट्ट बसेल असं वाटून दुसरी केली. आणि हात बसलाच आहे म्हणून तिसरीही.

"अहो, माणसाला तोंड एक असतं," बायको म्हणाली.

"राखीव असावी."

कवळी कोरडी ठेवून चालत नाही, म्हणून तिन्ही डबीत पाण्यात घातल्या. विमानतळावरच्या तपासनिसाने ते पाणी ओतायला लावलं. मग कवळीवाल्यांनी तिन्ही कवळ्या ओल्या रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवल्या. (उतरेपर्यंत कोटाची ती बाजू इतकी भिजली की शेजारच्या प्रवाशाने दोनदा हवाईसुंदरीला बोलावलं.)

पासपोर्टच्या खिडकीवर काही अडलं नाही. कशासाठी आलात? लेकीकडे. परतीचं तिकीट? हे घ्या. शिक्का बसला. इतकं सुरळीत झालं की कवळीवाल्यांना चांगलाच धीर आला, आणि तिथेच घात झाला. कस्टमच्या कागदावर 'दुसऱ्यासाठी काही आणलं आहे का?' या प्रश्नापुढे त्यांनी ठसठशीत 'हो' लिहिलं.

"अहो, सगळे त्या हिरव्या पाटीखालून चाललेत. 'नाही' लिहा!" बरोबर आलेली बायको म्हणाली.

"सरकारी कागदावर खोटं लिहू?"

"दात म्हणजे काय सोनं आहे?"

हे त्यांना लागलं. ते तडक माल दाखवायच्या लाल पाटीकडे गेले.

तिथल्या अधिकारी बाईंनी हातमोजे घालून रुमाल उलगडला आणि हात मागे घेतला.

"हे कोणाचे?"

"व्याह्यांचे."

"ते कुठे आहेत?"

"बाहेर उभे आहेत."

"आणि दात तुमच्या खिशात?"

बाईंनी नियमांचं पुस्तक ओढलं. मानवी अवशेष? नाही. प्राण्यांपासून केलेली वस्तू? नाही हो, ॲक्रिलिक. विक्रीचा माल?

"एकाच माणसाला तीन?" बाईंनी भुवया उंचावल्या.

"एक जेवायला, एक बोलायला, एक राखीव," कवळीवाल्यांनी जमेल तसं सांगितलं.

"भेट आहे म्हणून सांगा," बायको दातओठ खात पुटपुटली.

"भेट कशी? मापाने केलीय!"

बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला. पण उशीर झाला होता. बाई म्हणाल्या, मापाची असेल तर मालकाला बोलवा, नाहीतर माल जप्त. इतक्या वर्षांनी व्याह्यांची भेट, आणि ती चौकशीच्या टेबलावर!

व्याही आत आले. लेकीच्या लग्नातला तो भारदस्त माणूस गाल बसून अर्धा झाला होता. "होय फायेब, माफेच आहेत," ते म्हणाले. बाईंना काही कळलं नाही. त्यांनी रुमालाकडे बोट दाखवलं. व्याह्यांनी नळावर एक कवळी धुतली, तोंडात बसवली, जबडा दोनदा मिटला. कवळीवाल्यांनी श्वास रोखला.

"वा!" व्याही म्हणाले. "वा, वा! चपखल! तर बाई, आता स्पष्ट बोलतो. बाहेर मला तासभर उभं केलंय. बसायला एक खुर्ची नाही. आणि ती पाटी कोणी लिहिली? त्यावरचा बाण भिंतीकडे जातो! आमच्या वेळी ऑफिसात..."

ऑफिस झालं, गुडघा झाला, बेसिनचा तिरकेपणा झाला. बाईंनी घाईघाईने शिक्का मारला. "तिन्ही घेऊन जा. लगेच जा."

कवळीवाल्यांची छाती फुगली. लेकीच्या गाडीत ते पाहुणे म्हणून मागे, व्याह्यांच्या शेजारी बसले. व्याही बोलत होते. पूल गेला, पेट्रोलपंप गेला, घरी बायकोला फोन लावून झाला, व्याही बोलतच होते. पुढच्या सीटवर बायकोने डोळे मिटून घेतले होते.

लेकीने सिग्नलला गाडी थांबवून फोन बघितला.

"बाबा, सासूबाईंचा निरोप आहे."

"आभार कसले त्यात!" कवळीवाले लाजून म्हणाले. "आपलंच काम आहे."

"तसं नाही. विचारतायत, परत जाताना हे दात बरोबर न्यायला कस्टमची काही हरकत असते का?"